गावातल्या रस्त्यांचे निकष: आधी जागा, मग पाणी, मग काँक्रीट

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावच्या उपसरपंचांनी विचारले आहे: "गावठाणाबाहेर वस्त्या वाढल्या आहेत. निधी येईल तसा प्रत्येक सदस्य आपल्या वॉर्डात काँक्रीट करून घेतो. कुठे आठ फूट रुंदी, कुठे बारा. जुन्या आळीत घरे रस्त्याच्या खाली गेली, पावसात पाणी उंबऱ्यातून आत येते. ग्रामपंचायतीने गावापुरते रस्त्याचे निकष ठरवावेत असे आमच्या मनात आहे. तसे ठरवता येतात का? आणि त्यात काय असावे?"

ठरवता येतात आणि ठरवायलाच हवेत. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आधी शाखा अभियंता आणि नंतर उपअभियंता म्हणून माझी नोकरी गावरस्त्यांवरच झाली. त्यावरून सांगतो, निकषांचा विषय निघाला की बहुतेक ग्रामपंचायती थेट काँक्रीटच्या जाडीवर येतात. जाडी महत्त्वाची आहे, पण तिचा नंबर शेवटचा. आधी रस्त्याची जागा, मग पाणी कुठे जाणार, मग रस्त्याची पातळी आणि त्यानंतर काँक्रीट. हा क्रम ठरावात पक्का बसला तर पुढची निम्मी भांडणे होतच नाहीत.

आधी अधिकाराचे बघू. रस्त्याचे तांत्रिक मानक ग्रामपंचायत ठरवत नाही. ते इंडियन रोड्स काँग्रेसचे असते, म्हणजे आपण ज्याला आयआरसी म्हणतो. ग्रामीण रस्त्यांसाठी एसपी-२० ही पुस्तिका आणि कमी वाहतुकीच्या काँक्रीट रस्त्यांसाठी एसपी-६२, हे दोन दस्तऐवज तुमच्या शाखा अभियंत्यांकडे असतातच. तांत्रिक मान्यताही जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांकडूनच येणार. पण मानकात सगळे येत नाही. कोणती गल्ली कोणत्या वर्गात धरायची, कोणाचे पाणी कोणत्या नाल्याला न्यायचे, जुने काँक्रीट फोडायचे की त्यावरच ओतायचे, नळाची पाइप आधी की रस्ता आधी, हे मुंबईत किंवा दिल्लीत बसून कोणी ठरवू शकत नाही. ते तुमचे काम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधल्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमणे काढण्याचा अधिकारही तुम्हाला दिलेला आहे.

आज गोंधळ का आहे तेही समजून घ्या. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली, मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ साली. दोन्ही योजना मुख्यतः गावापर्यंत पोहोचणारे रस्ते करतात, आणि त्यांत सर्वेक्षण, चाचण्या आणि पाच वर्षांची देखभाल हे सगळे ठरलेले असते. गावातल्या आळ्या आणि वस्त्या मात्र वेगवेगळ्या खिशांतून होतात: थोडे २५१५ या सरकारी लेखाशीर्षातून, थोडे वित्त आयोगातून, काही आमदार-खासदार निधीतून, काही रोजगार हमीतून. प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक वेगळे, लांबी शंभर-दीडशे मीटर, ठेकेदार वेगळा. शेजारच्या तुकड्याची पातळी काय आहे हे कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. ही जोडणी ग्रामपंचायतीच्या निकषांनी करायची आहे.

जागा

एक सुट्टीचा दिवस घ्या. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), दोन-तीन सदस्य, एक तीस मीटरची टेप, आणि गावातला प्रत्येक रस्ता दर वीस-पंचवीस मीटरवर भिंतीपासून भिंतीपर्यंत किंवा बांधापासून बांधापर्यंत मोजा. आकडे नमुना २३ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांच्या नोंदवहीत चढवा. ही नोंदवही बहुतेक ठिकाणी असते, पण तिच्यात "मारुती मंदिर ते पाटील वस्ती" एवढेच लिहिलेले असते आणि रुंदीचा रकाना कोरा असतो. गावठाणात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख खात्याचा नकाशा समोर ठेवूनच मोजा. घराची मिळकत पत्रिका जिथे संपते तिथे रस्त्याची हद्द सुरू होते, हे आता कागदावर दाखवता येते.

गावठाणाबाहेरची गोष्ट वेगळी. वस्तीकडे जाणारी वाट गाव नकाशावर आहे का ते बघा. एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट. नकाशावर असेल तर निम्मे काम झाले. नसेल आणि वाट खासगी शेतातून जात असेल, तर नुसत्या स्टॅम्पवरच्या संमतीपत्रावर सार्वजनिक पैसा घालू नका. आज संमती देणारा उद्या जमीन विकतो आणि नवा मालक रस्त्यावर तारेचे कुंपण घालतो. सातबाराच्या इतर हक्कात रस्त्याची नोंद झाल्याशिवाय काम सुचवायचे नाही, असे कलम ठरावात घाला. शेतरस्त्यांच्या अशा नोंदीबाबत महसूल विभागानेही २०२५ मध्ये शासन निर्णय काढला आहे. अडवलेली जुनी वाट मोकळी करायला तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली जाता येते.

आता रुंदी. सगळ्या गावाला एकच आकडा लावू नका, तीन वर्ग करा. गावात येणारा मुख्य रस्ता, जिथून एसटी आणि ट्रक येतो, त्याला आयआरसीप्रमाणे ३.७५ मीटरचा पक्का भाग आणि साइडपट्ट्यांसह ७.५ मीटर. यात तडजोड नको. दुसरा वर्ग वस्तीरस्त्याचा. दिवसाला शंभरपेक्षा कमी मोटार वाहने असतील तर एसपी-२० तीन मीटरचा पक्का भाग चालवून घेते. तिसरा वर्ग जुन्या गावठाणातल्या बोळांचा, तिथे आहे तीच रुंदी.

वस्तीरस्त्याला जागा किती धरायची, यावर ग्रामसभेत सर्वांत जास्त वाद होईल. "तीन मीटरचा रस्ता, मग सहा मीटर जागा कशाला?" असे विचारतील. हिशेब फळ्यावर मांडा. काँक्रीट ३ मीटर. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर मुरमाची साइडपट्टी, म्हणजे दीड मीटर. एका बाजूला गटार ०.६ मीटर. दुसऱ्या बाजूला नळाची पाइप आणि विजेचे खांब यांच्यासाठी ०.९ मीटर. झाले सहा मीटर. यातली एकही गोष्ट सोडली तर ती शेवटी काँक्रीटमध्ये घुसते: खांब रस्त्यात येतो, गटार दाराशी येते, पाइपसाठी रस्ता फोडावा लागतो.

वस्तीरस्ता शेवटच्या घराशी नुसता संपू देऊ नका. तिथे गाडी वळवायला बाजूला साधारण दहा मीटर लांबीची जागा सोडायला लावा. १०८ ची रुग्णवाहिका रात्री, पावसात, तीन मीटरच्या रस्त्यावरून दोन वळणे मागे-मागे घेत बाहेर पडते तेव्हा या दहा मीटरची किंमत कळते. लांब वस्तीरस्त्यावर समोरची गाडी आली तर बाजूला होता येईल अशा जागाही हव्यात, एका जागेवरून पुढची दिसेल इतक्या अंतरावर. आणि ऊसपट्ट्यात असाल तर वळणांकडे विशेष लक्ष द्या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतली कड कापते. वीस मीटरपर्यंत त्रिज्येच्या वळणावर एकेरी रस्ता ०.९ मीटरने रुंद करावा, असे आयआरसीचे म्हणणे आहे. गावात हे कोणी करत नाही, म्हणून वळणावरच्या कडा पहिल्याच हंगामात तुटतात.

बोळांना वाहनाचा निकष लावण्यात अर्थ नाही. तिथे एकच अट ठेवा: पायऱ्या, ओटे, न्हाणी, दुचाक्या सगळे धरून स्ट्रेचर जाईल एवढी, निदान दीड मीटर वाट सतत मोकळी. कलम ५३ ची पहिली नोटीस सदस्यांच्या स्वतःच्या ओट्यांना निघाली तर बाकीचे ओटे बरेचसे आपोआप मागे सरतात.

पाणी आणि पातळी

तुमच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. जुन्या आळीतली घरे बांधली तेव्हा जोते रस्त्याच्या दोन-तीन पायऱ्या वर होते. मग खडीकरण झाले, त्यावर डांबर, त्यावर पंधरा सेंटिमीटर काँक्रीट, काही वर्षांनी ते उखडले म्हणून त्यावर पुन्हा पंधरा सेंटिमीटर. नुसत्या दोन काँक्रीटचा एक फूट होतो. पायऱ्या रस्त्यात गडप झाल्या. अशा एका आळीत मी पाहिले आहे, प्रत्येक जुन्या घराच्या उंबऱ्याबाहेर विटा-सिमेंटचा वीतभर वरंबा, तो ओलांडून आत जायचे, आणि पावसाळ्यात त्याच्या आतल्या बाजूला गोणपाटात वाळू भरून ठेवलेली. म्हातारी माणसे त्या वरंब्याला अडखळून पडतात. मधे कोणी नवे घर बांधतो तो शहाणपणाने जोते कमरेएवढे घेतो, आणि त्याचेही पाणी शेजारच्या जुन्या घरात जाते. यात पैसेवाला सुटतो आणि मातीच्या भिंतींचे घर भिजते. सार्वजनिक पैशाने असे होणे मला कधीच पटलेले नाही.

म्हणून तुमच्या ठरावातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे असावे: तयार रस्त्याची वरची पातळी त्या आळीतल्या सर्वांत खालच्या जुन्या जोत्यापेक्षा किमान ३० सेंटिमीटर खाली राहील, तशी राहत नसेल तर जुना थर काढूनच नवे काम होईल. थर काढायचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरायला लावा. त्यामुळे तीनशे मीटरच्या निधीत दोनशेच मीटर होतील. होऊ द्या. वरून ओतलेले तीनशे मीटर उद्घाटनाला छान दिसतात आणि पुढची पंधरा वर्षे दोन्ही बाजूंच्या घरांत पाणी सोडतात.

पातळी मोजायला मोठे यंत्र रोज लागतेच असे नाही. शाळेच्या किंवा चावडीच्या जोत्यावर ऑइलपेंटने आडवी रेघ मारा आणि मोजणीपुरती तिची उंची १०० मीटर धरा. तिथून शाखा अभियंत्यांकडून ऑटोलेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने, प्रत्येक आळीच्या दोन्ही टोकांची आणि सर्वांत खालच्या जोत्याची पातळी काढून घ्या. नंतर रोजच्या तपासणीला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. ही रेघ पुसू देऊ नका, शाळेला रंग देणाऱ्यालाही सांगून ठेवा. त्यानंतर गावातले प्रत्येक काम त्याच एका रेघेशी जोडले जाईल.

गटाराचा नियम सोपा आहे, पण तो उलटा पाळला जातो. काम नेहमी खालच्या टोकाकडून, म्हणजे ओढ्याकडून वर यावे. सदस्य आपल्या दारापासून गटार सुरू करतात आणि निधी संपतो तिथे ते दुसऱ्याच्या दारात उघडे सोडतात. गटाराला दोनशेला एक एवढा उतार धरला तरी शंभर मीटरला अर्धा मीटर खोली वाढते. त्यामुळे खालचे टोक किती खोल आहे हे न बघता वरचे टोक बांधले तर पुढे ते जोडताच येत नाही. पाणी सोडायला जागा नसेल तर तो रस्ता त्या वर्षी यादीत घेऊ नका. शोषखड्ड्यांवर भिस्त ठेवायची तर आधी माती बघा. मुरमाड जमिनीत ते चालतात. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा चार महिन्यांत तुंबतो.

रस्त्याच्या बाकालाही, म्हणजे मधल्या उंचवट्यालाही, आकडा द्या. काँक्रीटला दोन ते अडीच टक्के, म्हणजे तीन मीटर रुंदीत मध्यभाग कडांपेक्षा साधारण तीन ते पावणेचार सेंटिमीटर वर. अरुंद आळीत एकाच बाजूला गटार असेल तर सगळा उतार त्याच बाजूला द्या, मग मधली वाट कोरडी राहते.

हे सगळे घाटावरच्या गावांचे झाले. कोकणातले कोणी वाचत असतील तर तिथे पाऊस पाचपट आणि वाडीची वाट चढाची. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, जागी सरसकट गुळगुळीत काँक्रीट ओतले की पावसाळ्यात शेवाळ धरते आणि माणसे घसरतात. तिथे आडव्या खरखरीत रेघा ओढलेले काँक्रीट किंवा जांभ्याच्या रुंद पायऱ्याच बऱ्या.

काँक्रीट

इथे आयआरसी स्पष्ट आहे, तुम्ही फक्त ते अंमलात आले का बघायचे. दिवसाला पन्नासपेक्षा कमी व्यावसायिक वाहने असलेल्या रस्त्याला किमान १५० मिलिमीटर जाडी आणि एम-३० ग्रेड, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत. गावोगाव अंदाजपत्रकात एम-२० आणि १०० मिलिमीटर असते, कारण लांबी जास्त दिसते. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्याला १५ सेंटिमीटरने ४५ घनमीटर लागतात, १० ने ३०. वाचले एक तृतीयांश. पण स्लॅबची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या (जाडी गुणिले जाडी) प्रमाणात असते, त्यामुळे १० सेंटिमीटरचा स्लॅब १५ च्या निम्म्याहूनही कमी ताकदीचा होतो. उसाच्या ट्रॉल्या किंवा वाळू-खडीचे डंपर जाणारा रस्ता असेल तर १५ वरही समाधान मानू नका, अभियंत्यांना वाहने मोजून जाडी काढायला सांगा.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट कधीही नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि स्लॅबला मधोमध चीर पडते. मुरमाचा थर घ्या, तो साइडपट्टीसकट पूर्ण रुंदीत घ्या, पाणी मारून रोलरने दाबा, त्यावर खडीचा थर आणि मग प्लास्टिकचा कागद.

ओतण्याच्या आदल्या दिवशी एक तपासणी कोणीही करू शकतो. दोन्ही बाजूंच्या चॅनेलच्या, म्हणजे काँक्रीट अडवणाऱ्या लोखंडी साच्याच्या, वरच्या कडांवरून आडवी दोरी ताणा आणि दोरीपासून खालच्या थरापर्यंत मध्यभागी आणि दोन्ही कडांना पट्टीने मोजा. कडेला १५ सेंटिमीटर बरोबर भरते, पण मधे मुरूम फुगवून ठेवलेला असतो आणि तिथे ९-१० च निघते. बाकासाठी काँक्रीट मधे वर येते ते धरून खालचा थरही तेवढाच वर हवा, त्याहून जास्त नको. दर दहा मीटरवर मोजून आकडे वहीत लिहा, फोटो काढा. काँक्रीट पडल्यावर कडेची जाडी सगळ्यांना दिसते, मधली कोणाला नाही.

सांधे दर अडीच ते चार मीटरवर हवेत. तीन मीटर रुंदीला तीन मीटरवर सांधा घेतला की चौकोनी पॅनेल होतात, ते कमी तडकतात. कटरने जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी खोल चीर घ्यायची, आणि चोवीस तासांच्या आत. आपल्याकडच्या उन्हात खरे तर त्याच रात्री. कटर भाड्याने मिळाला नाही म्हणून आठवड्याने कापलेले सांधे निरुपयोगी असतात, तोपर्यंत काँक्रीटने स्वतःच्या जागी स्वतः तडा घेतलेला असतो.

पाणी मारणे किमान चौदा दिवस, गोणपाट किंवा मातीचे आळे करून. आणि इथे मार्चअखेरीचा प्रश्न येतो. निधी खर्ची पडावा म्हणून रस्ते मार्च-एप्रिलमध्ये ओततात, तेव्हा गावात पिण्याला टँकर सुरू झालेला असतो. क्युरिंगला पाणी कुठून आणणार ते ठेकेदाराने लिहून दिल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, अशी अट ठेवा. ज्या भागात उन्हाळ्यात विहिरी आटतात तिथे काँक्रीटची कामे डिसेंबर-जानेवारीत उरकतील असे वेळापत्रक आराखड्यातच धरा.

बोळांना माझे मत पेव्हर ब्लॉकचे आहे. पायी आणि दुचाकीच्या वाटेला ६० मिलिमीटरचे पुरतात, चारचाकी जात असेल तर ८० चे. पाइप फुटली तर ब्लॉक काढून परत बसवता येतात, पातळी वाढत नाही. अट एकच, दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकत जातात.

नळाची पाइप

२०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले आणि गावोगाव नवे काँक्रीट फोडून पाइप टाकल्या गेल्या. वरची चर नुसत्या मातीने बुजवली, ती खचली, तिथूनच रस्ता फुटत गेला. यापुढे दोन गोष्टी ठरावात घ्या. नव्या रस्त्याआधी पाणीपुरवठ्याची पाइप कडेला तिच्यासाठी सोडलेल्या जागेत गेलेली असावी. आणि प्रत्येक चार-पाच घरांमागे रस्त्याखालून एक रिकामी पीव्हीसी पाइप आडवी टाकून तिच्या दोन्ही टोकांना खूण करावी. पुढे नळजोडणी असो, केबल असो, त्यातून जाईल. रस्ता फोडायची परवानगी मागणाऱ्याकडून पूर्ण पॅनेल बदलण्याची अनामत आधी घ्या. चरीएवढे ठिगळ चालणार नाही.

गतिरोधकांचेही एक वाक्य हवे. उरलेल्या काँक्रीटचा अरुंद उंचवटा करून ठेवतात त्याने गरोदर बाई आणि कंबरदुखीचा माणूस यांचे हाल होतात. आयआरसीच्या मापाने उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, तेही पांढऱ्या पट्ट्यांसह. ही जागा देता येत नसेल तर गतिरोधक नको.

ठराव कसा आणायचा

आधी शाखा अभियंत्यांना बोलावून मसुदा त्यांच्यासमोर वाचा, कारण तांत्रिक मान्यतेशी विसंगत अट अंदाजपत्रकात टिकणार नाही. मग मासिक सभा, मग ग्रामसभा. ठराव दोन पानांपेक्षा मोठा नको. सोबत गावाचा नकाशा, त्यावर तीन रंगांत तीन वर्ग, प्रत्येक रस्त्यापुढे रुंदी, सर्वांत खालच्या जोत्याची पातळी आणि पाणी कुठे सोडायचे ते. हा नकाशा "आमचा गाव आमचा विकास" आराखड्याला जोडा. आमदार निधीतले काम सुचवतानाही त्याची प्रत पत्रासोबत पाठवा, म्हणजे अंदाजपत्रक करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून अटी माहीत असतात. बांधकामाचे कागद ज्या टप्प्यावर ग्रामपंचायतीसमोर येतात तिथे नव्या घराच्या मालकाला रस्त्याची ठरलेली पातळी लेखी द्या, म्हणजे त्याला जोते किती घ्यायचे ते कळेल आणि त्याच्या पावसाच्या पाण्याची वाटही तिथेच ठरेल.

नवे निकष जुन्या रस्त्यांना लगेच लावायला जाऊ नका, गाव अंगावर येईल. जो रस्ता दुरुस्तीला निघेल त्याला लावा. अपवाद पाणी शिरणाऱ्या आळीचा. ती पहिल्या वर्षीच घ्या, थर काढून करा, आणि येत्या जुलैत पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा सदस्यांनी तिथे उभे राहून पाणी कुठून कुठे जाते ते नकाशावर लिहून आणावे. पुढच्या आळीचे अंदाजपत्रक त्या नोंदीवरून करा.